घरात दुसऱ्यांदा पोट पडलं, तर

मायबापहो, हे बोलणं तुमच्याशी आहे, तुमच्या लेकी-सुनांशी नाही. त्यांच्याशी बोलणारे पुष्कळ आहेत. डॉक्टर बोलतात, आशाताई बोलतात, शेजारणी तर न विचारता बोलतात. पण लग्नाला चार वर्षं होऊन दिवस न राहिलेली सून किंवा दोन-तीनदा पोट पडलेली लेक ज्या घरात आहे, तिथं पैसा कोणाच्या हातात असतो? उदगीरला दवाखान्यात जायचं की आधी देवाला जाऊन यायचं, हे कोण ठरवतं? दुसऱ्या सोयरिकीचा विषय पहिल्यांदा कोणाच्या तोंडून निघतो? तुमच्याच. म्हणून तुमच्याशीच बोलायला बसले आहे.

जळकोट तालुक्यातली गावं, वाड्या आणि तांडे माझ्या ओळखीचे आहेत. इथल्या बाईची वाट कशी जाते, तेही ठाऊक आहे. पहिल्यांदा पोट पडलं की सगळे म्हणतात, होतं असं. दुसऱ्यांदा पडलं की ‘बाहेरचं’ निघतं, गंडा-दोरा होतो. मग उदगीर, मग लातूर किंवा नांदेड, आणि एखादा एकर मोडण्याची तयारी असेल तर हैदराबाद. प्रत्येक ठिकाणी नवी फाईल उघडते आणि जुनी घरी ट्रंकेत राहते. या सगळ्या हिंडण्यात दोन गोष्टी हटकून निसटतात. एक म्हणजे नवऱ्याची तपासणी. दुसरी म्हणजे खरी कारणं, जी अनेकदा स्वस्तात सापडतात आणि औषधाला दाद देतात.

आधी एक गोष्ट नीट समजून घ्या. पाळी चुकून दिवस राहिल्याचं कळलेल्या दर शंभर बायकांपैकी पंधराएक जणींचं पोट पडतंच. इथंही आणि लंडनमध्येही. यातले निम्म्याच्या आसपास गर्भ असे असतात की त्यांची जडणघडण पहिल्या क्षणालाच बिघडलेली असते. गुणसूत्रं कमी-जास्त झालेली असतात आणि तो गर्भ वाढणारच नसतो. तिनं पाण्याची घागर उचलली, मोटारसायकलवर माहेरी गेली, पपई खाल्ली, ग्रहणात सुरी हातात घेतली, यातल्या कशानंही ते घडलेलं नसतं. म्हणून एकदा पोट पडलं तर घरात चौकशी बसवू नका. दुसऱ्यांदा पडलं की मात्र तपासायला सुरुवात करायची. पूर्वी डॉक्टर तिसऱ्या वेळेची वाट बघायचे. युरोपातल्या तज्ज्ञांच्या संघटनेनं २०१७ साली दोन गर्भपातांनंतरच शोध सुरू करावा असं ठरवलं आणि आता आपल्याकडचे डॉक्टरही बहुधा तसंच करतात.

आणि दिवसच राहत नसतील तर? वर्षभर एकत्र राहून, काही साधन न वापरता दिवस राहिले नाहीत, तर तपासणी करावी. पस्तिशी ओलांडली असेल तर सहा महिन्यांनी. पण अठरा-एकोणीस वर्षांची पोर लग्न होऊन आली आणि पुढच्या दिवाळीपर्यंत पाळणा हलला नाही, म्हणून तिला दवाखान्यात ओढणं हा अन्याय आहे. महाराष्ट्रात वीस ते चोवीस वयाच्या बायकांपैकी २१.९ टक्के जणींचं लग्न अठराच्या आत झालं होतं, असं राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत निघालं. अशा कोवळ्या पोरींना मूल उशिरा झालं तर ते त्यांच्या भल्याचंच आहे.

आता ज्या कारणांबद्दल घरात कोणी बोलत नाही, तिकडे वळू. सुरुवात गोठ्यापासून करते, कारण आपला भाग देवणी आणि लाल कंधारीचा आहे. हाळी-हंडरगुळीच्या बाजारात जनावर पाहून घेणारे तुम्ही, गाय सहाव्या-सातव्या महिन्यात गाभडली तर काय समजता? गोठ्यात आजार शिरला, हे तुम्हाला कळतं. बऱ्याचदा तो आजार ब्रुसेलोसिस असतो. ज्या जंतूमुळे गाय गाभडते तो माणसालाही लागतो, हे मात्र फार कमी घरांत ठाऊक आहे. डेव्हिड ब्रूस नावाच्या लष्करी डॉक्टरनं १८८७ साली माल्टा बेटावर तापानं मेलेल्या शिपायांत याच कुळातला जंतू शोधला. तिथल्या शिपायांना तो शेळ्यांच्या कच्च्या दुधातून लागत होता, हे पुढं उघड झालं.

माणसात हा आजार सहज ओळखू येत नाही. ताप येतो, जातो, पुन्हा येतो. रात्री घाम फुटतो, कंबर आणि सांधे धरतात, माणूस खंगतो. टायफॉईड म्हणून सलाईनच्या बाटल्या लावल्या जातात. पुरुषाला झाला तर अंडाला सूज येऊ शकते आणि बीज बिघडू शकतं. गरोदर बाईला झाला तर पोट पडू शकतं. आणि तो घरात येतो कसा? धारोष्ण दुधातून. गरोदर सुनेला ताकद यावी म्हणून तिच्या हातात काढल्या काढल्या दुधाचा पेला देणारी सासू प्रेमानंच देत असते, पण ते दूध उकळलेलं नसतं. दुसरी वाट जनावराच्या विण्यातून. गाभडलेलं वासरू, पडलेला जार, ते घाण पाणी. हे सगळं उघड्या हातांनी उचलते कोण? बहुतेक घरांत सूनच.

म्हणून तुमच्या घरापुरते काही नियम आजच करा. दूध उकळल्याशिवाय कोणाच्याही तोंडाला लावायचं नाही, शेळीचंही नाही. दही-ताक उकळलेल्या दुधाचंच करायचं. गाभडलेल्या जनावराला दिवस राहिलेल्या किंवा राहावेत अशी वाट पाहणाऱ्या बाईनं हात लावायचा नाही. पुरुषानं हातात प्लॅस्टिकच्या पिशव्या चढवून ते उचलावं आणि चुना टाकून खोल खड्ड्यात पुरावं, कुत्र्यांपुढं टाकू नये. चार ते आठ महिन्यांच्या कालवडींना या आजाराची लस एकदाच द्यावी लागते. सप्टेंबर २०१९ पासून केंद्र सरकारच्या कार्यक्रमात ती मोफत आहे. ती जिवंत जंतूची लस असते, तेव्हा टोचताना गरोदर बाईला गोठ्यात थांबवू नका. आणि गाभडलेली गाय गुपचूप बाजारात नेऊन दुसऱ्याच्या गळ्यात मारू नका. तिच्याबरोबर तुम्ही त्याच्या सुनेच्या घरात आजार पाठवता. उदगीरला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, तालुक्याला दवाखाना आहे, जनावराचं रक्त तपासून घ्या. माणसाच्या डॉक्टरकडं जाल तेव्हा ‘आमच्याकडं जनावरं आहेत, गेल्या वर्षी गाय गाभडली होती’ एवढं आपण होऊन सांगा. शहरातला डॉक्टर ते विचारायचं विसरतो. निदान झालं तर साधारण सहा आठवडे गोळ्या घ्याव्या लागतात, आणि त्या मध्येच सोडायच्या नसतात. बाई गरोदर असेल तर औषधं वेगळी, म्हणून तेही आधी सांगायचं.

दुसरं कारण क्षयाचं आहे. मूल न होण्यामागची ही मोठी, आणि सर्वांत जास्त लपून राहणारी गोष्ट. तुम्ही म्हणाल, तिला तर खोकला नाही. नसेलच. फुप्फुसात कधीतरी शिरलेला जंतू रक्तातून पिशवीच्या नळ्यांपर्यंत जातो आणि तिथं वर्षानुवर्षं गुपचूप बसतो. बाई काम करते, जेवते, हसते. फार तर पाळीला रक्त कमी जातं, ओटीपोटात बारीक कळ असते. नळ्या मात्र आतून चिकटत जातात. क्षय जननमार्गात शिरला की जवळपास सगळ्याच बायकांत आधी नळ्या धरतो आणि निम्म्याजणींत पिशवीच्या अस्तरापर्यंत पोचतो. घरात आजेसासऱ्यांनी, दिरानं कधी क्षयाच्या गोळ्या घेतल्या असतील तर ती गोष्ट सोयरिकीच्या भीतीनं दाबून ठेवलेली असते. डॉक्टरांपासून ती दाबू नका.

तपासणी मात्र नीट व्हायला हवी. पिशवीच्या अस्तराचा तुकडा घेऊन त्याचा सीबीनॅट, कल्चर आणि सूक्ष्मदर्शकाखालची तपासणी करतात, गरज पडली तर दुर्बिणीतून आत पाहतात. नुसत्या एका पीसीआरचा कागद ‘पॉझिटिव्ह’ आला म्हणून सहा महिने गोळ्या सुरू करू नयेत. ती तपासणी फार हळवी असते, आजार नसतानाही होकार देते. आपल्याकडं अशा एका कागदावर अनेक बायकांनी विनाकारण क्षयाच्या गोळ्या खाल्ल्या आहेत. निदान पक्कं झालं तर मात्र कुचराई नको. औषधं सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात, आणि निक्षय पोषण योजनेतून आहारासाठी महिन्याला १००० रुपये खात्यात येतात. नोव्हेंबर २०२४ पूर्वी ते ५०० होते. एक कडू गोष्टही सांगते, कारण खोटी आशा दाखवणं मला जमत नाही. गोळ्यांनी जंतू मरतात, पण चिकटून बंद झालेली नळी दर वेळी उघडत नाही. काहींना पुढं टेस्ट ट्यूबचाच मार्ग उरतो. म्हणूनच हे लवकर शोधायचं.

नळ्या खराब झालेल्या बाईला दिवस राहिले तर एक धोका लक्षात ठेवा. गर्भ पिशवीऐवजी नळीतच अडकू शकतो. पाळी चुकली आहे, एका बाजूला ओटीपोटात जोराची कळ आहे, थोडं रक्त जातंय, चक्कर येतेय, खांदा दुखतोय, असं दिसलं तर रात्र असो की पोळा, गाडी करा किंवा १०८ ला फोन लावा. सकाळपर्यंत थांबू नका. नळी फुटली तर पोटातल्या पोटात रक्त जाऊन बाई दगावते.

आता त्या गोष्टीबद्दल, जिचा उच्चार सासूसुद्धा सुनेपुढं करत नाही. अंगावरून जाणं. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यातल्या दोन गावांत घरोघरच्या बायका तपासल्या. १९८९ च्या जानेवारीत ‘लॅन्सेट’ या इंग्लंडच्या वैद्यकीय साप्ताहिकात तो अभ्यास छापून आला, आणि खेड्यातल्या बायकांच्या दुखण्याकडं जगानं पहिल्यांदा या नजरेनं पाहिलं. ६५० बायकांपैकी ९२ टक्के जणींना कोणता ना कोणता स्त्रीरोग होता. एकेकीला सरासरी साडेतीनहून अधिक आजार. त्यातला निम्मा भार जंतुसंसर्गाचा. आणि त्याआधी कधीतरी तपासणी झालेल्या होत्या फक्त ८ टक्के. हा आकडा मी पहिल्यांदा वाचला तेव्हा मला त्या ९२ टक्क्यांपेक्षा या ८ टक्क्यांनी जास्त अस्वस्थ केलं. दुखणं होतं, बाई होती, मधे कोणी नव्हतं. आज दवाखाने वाढले, रस्ते झाले, पण आपल्या घरांत तो संकोच किती कमी झाला, हे तुम्हीच तुमच्या मनाला विचारा.

थोडं पांढरं जाणं हे शरीराचं रोजचंच आहे, त्याला औषध लागत नाही. पण त्याला घाण वास असेल, खाज-आग असेल, पिवळं-हिरवं जात असेल, ओटीपोट दुखत असेल, संबंधाच्या वेळी त्रास होत असेल, तर तो संसर्ग असू शकतो. क्लॅमिडिया आणि गोनोरिया या जंतूंचा संसर्ग तर अनेकदा काहीच लक्षण न दाखवता नळ्यांपर्यंत चढतो आणि त्या बंद करून टाकतो. हे नवरा-बायकोत एकमेकांकडून जातात. म्हणून औषध दोघांनी एकाच वेळी घ्यायचं असतं. तिला एकटीला गोळ्या दिल्या तर महिन्याभरात पुन्हा तेच. मुलाला हे सांगायला बापाला लाज वाटत असेल तर डॉक्टरांना सांगायला सांगा, पण त्याला सोबत पाठवा. इथं कोण चुकलं याचा पंचनामा करत बसू नका. असा जंतू वर्षानुवर्षं शरीरात राहू शकतो, तो कधी आला हे कोणालाच नेमकं सांगता येत नाही.

आपल्या तालुक्यातली, कंधार-मुखेडकडची कितीतरी जोडपी दसरा झाला की कोयता घेऊन ऊसतोडीला निघतात. फडाशेजारी पाल, ना मोरी, ना संडास, पाळीच्या दिवसांत बदलायला कोरडा कपडा नाही. तिथं संसर्ग होणं ही बाईची चूक नव्हे. पण त्यावरचा उपाय म्हणून बीडमध्ये काय झालं ते आठवा. २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या सरकारी समितीनं ऊसतोड बायकांची माहिती गोळा केली. सुमारे ८२,००० बायकांपैकी १३,००० हून अधिक जणींच्या पिशव्या काढलेल्या निघाल्या, आणि त्यात तिशी-पस्तिशीच्या पुष्कळ. ‘पिशवीला सूज आहे, पुढं कॅन्सर होईल’ असं कोणी तुमच्या तरुण लेकीला सांगितलं, तर दुसऱ्या डॉक्टरचं मत घेतल्याशिवाय अंगठा देऊ नका. बहुतेक वेळा ती सूज आठ-पंधरा दिवसांच्या गोळ्यांनी जाते.

आणखी एक. नको असलेलं पोट मेडिकलमधून गोळ्या आणून घरीच पाडलं जातं. अर्धवट राहिलं, आत पू झाला, तर पुढं हवं असताना दिवस राहत नाहीत. गर्भपात १९७१ च्या कायद्यानं ठरलेल्या अटींत कायदेशीर आहे आणि सरकारी दवाखान्यात सुरक्षितपणे होतो. चोरून करायची गरज नाही.

आता शरीराच्या संरक्षक यंत्रणेचं. बाहेरचा जंतू ओळखून त्याच्याशी लढणारी ही यंत्रणा कधीकधी आपल्याच अंगावर उलटते. गर्भाच्या बाबतीत याची दोन रूपं तुम्हाला माहीत असायलाच हवीत, कारण दोन्हींवर उपाय आहे.

पहिलं रक्तगटाचं. आई निगेटिव्ह आणि बाप पॉझिटिव्ह असेल तर बाळ पॉझिटिव्ह असू शकतं. बाळंतपणात किंवा पोट पडताना बाळाचं थोडं रक्त आईच्या रक्तात मिसळतं आणि तिचं शरीर त्याविरुद्ध शस्त्रं तयार करून ठेवतं. पहिलं मूल ठणठणीत जन्मतं. पुढच्या खेपेला ती शस्त्रं बाळाच्या रक्तावर तुटून पडतात. बाळ पिवळं होतं, सुजतं, कधी सातव्या-आठव्या महिन्यात पोटातच जातं. ‘पहिला तर चांगला झाला, मग पुढचे का गेले, काहीतरी करणी आहे’ असं जिथं म्हणतात, तिथं आधी दोघांचा रक्तगट पाहा. अँटी-डी नावाचं इंजेक्शन यासाठीच आहे. सातव्या महिन्यात एक, आणि बाळंत झाल्यावर ७२ तासांच्या आत एक. पोट पडलं तरी डॉक्टरांना त्याच दिवशी विचारायचं, हिचा गट निगेटिव्ह आहे, सुई द्यायची का? ही वेळ गेली आणि शरीरानं एकदा शस्त्रं तयार केली की मग या इंजेक्शनचा उपयोग नसतो.

दुसऱ्याचं नाव लांबलचक आहे, अँटिफॉस्फोलिपिड सिंड्रोम. लंडनच्या डॉ. ग्रॅहम ह्यूज यांनी १९८३ मध्ये हा आजार नीट मांडला. यात बाईच्या रक्तातली प्रतिपिंडं वारेच्या बारीक रक्तवाहिन्यांना त्रास देतात, तिथं गुठळ्या होतात आणि गर्भाचं पोषण तुटतं. अडीच-तीन महिन्यांनंतर ठोके सुरू झालेलं बाळ अचानक थांबणं, पुन्हा पुन्हा लवकर पोट पडणं, बाळ खुरटणं, रक्तदाब फार वाढून दिवसांआधी बाळंत करावं लागणं, ही याची चिन्हं. रक्ताच्या तीन तपासण्या असतात, आणि पहिल्यांदा पॉझिटिव्ह आल्या तर बारा आठवड्यांनी पुन्हा कराव्या लागतात. साध्या तापानंतरही त्या काही दिवस पॉझिटिव्ह येऊ शकतात, म्हणून एका कागदावर निकाल लावायचा नसतो. निदान झालं तर अगदी कमी मात्रेची अॅस्पिरिनची गोळी आणि रोज पोटावर हेपॅरिनची सुई. लंडनमध्येच १९९७ साली अशा ९० बायकांवर झालेल्या चाचणीत नुसत्या अॅस्पिरिनवर ४२ टक्के जणींना जिवंत बाळ झालं, तर सोबत हेपॅरिन दिलेल्यांत ७१ टक्के जणींना. दोनदा-तीनदा रिकाम्या हातांनी घरी आलेल्या बाईसाठी हा फरक केवढा मोठा आहे! हेपॅरिन वारेतून बाळाकडं जात नाही, त्यामुळं बाळाला त्याची भीती नाही. सुई टोचायला नवऱ्याला शिकवतात. रोज सकाळी मुलगा बायकोला सुई टोचतो आहे, हे तुमच्या घरात चालू द्या, त्यात त्याचं काही कमी होत नाही. मुंबईत परळला, केईएम रुग्णालयाच्या आवारात, भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची रक्त आणि प्रतिकारशक्तीचा अभ्यास करणारी संस्था आहे, तिथं अशा बायकांच्या रक्ताचा बरीच वर्षं अभ्यास झाला आहे.

थायरॉईड आणि साखर या तपासण्याही यादीत असतात. थोडक्या पैशांत होतात, बिघाड असेल तर गोळीनं आटोक्यात येतो. त्यावर जास्त बोलत नाही.

पैसा कुठं वाया जातो, त्यावर मात्र बोलायचं आहे. आपल्याकडच्या जवळजवळ प्रत्येक फाईलमध्ये ‘टॉर्च’ नावाची तपासणी सापडते. टोक्सोप्लाझ्मा, रुबेला वगैरे जंतूंची. त्यातलं ‘आयजीजी’ पॉझिटिव्ह म्हणजे हा आजार कधीतरी येऊन गेला आणि शरीर त्याला ओळखतं, एवढंच. आपल्यापैकी बहुतेकांचं ते पॉझिटिव्हच येईल, तुमचं-माझंही. वारंवार पोट पडण्याचं ते कारण नव्हे. इंग्लंडच्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संस्थेनं अशा बायकांत ही तपासणी सरसकट करणं सोडून द्यावं असं केव्हाच सांगितलं आहे. तरी आपल्याकडं ती पुन्हा पुन्हा होते, त्यावर महिनोन्‌महिने गोळ्या चालतात, आणि ‘पोटात जंतू आहेत’ हा शिक्का सुनेवर बसतो. यातली कामाची गोष्ट एकच, रुबेलाची लस. नोव्हेंबर २०१८ मध्ये महाराष्ट्रभर शाळाशाळांतून गोवर-रुबेलाचं इंजेक्शन दिलं गेलं. तेव्हा नववी-दहावीत असलेल्या मुली आता लग्नाच्या झाल्या आहेत. ज्यांनी ते घेतलं नसेल त्यांना लग्नाआधी द्या आणि महिनाभर दिवस राहू देऊ नका. गरोदरपणी रुबेला झाला तर बाळ आंधळं-बहिरं होऊ शकतं.

मोठ्या शहरात गेलात की ‘इम्युनोथेरपी’ हा शब्द कानावर पडेल. नवऱ्याच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी बायकोला टोचायच्या, म्हणजे तिचं शरीर त्याचा गर्भ स्वीकारेल, असं सांगतात. ऐकायला पटण्याजोगं आहे. पण १९९९ मध्ये अमेरिका-कॅनडातल्या मोठ्या चाचणीत त्याचा फायदा दिसला नाही, आणि २००२ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनानं संशोधनाबाहेर ते करायला मनाई केली. ‘एनके सेल’ची तपासणी, इंट्रालिपिडचं सलाईन, महागडी आयव्हीआयजी यांचाही फायदा अजून सिद्ध झालेला नाही. शेतावर बोजा चढवून हे करू नका. कोणी सुचवलं तर त्यांनाच विचारा, याच्यानं किती जणींना बाळ झालं आणि न देता किती जणींना झालं? हे विचारण्यात उद्धटपणा नाही.

आणि सगळ्या तपासण्या नॉर्मल आल्या तर? निम्म्याजणींच्या बाबतीत असंच होतं, कारण सापडत नाही. हे ऐकून घरात निराशा पसरते, पण खरं तर ही चांगली बातमी आहे. नेदरलँड्समध्ये कारण न सापडलेल्या ३६४ बायकांवर चाचणी झाली, २०१० साली ती छापून आली. काहींना अॅस्पिरिन आणि हेपॅरिन, काहींना नुसतं अॅस्पिरिन आणि काहींना औषध नसलेली साधी गोळी. औषधांचा काही उपयोग झाला नाही. पण साधी गोळी घेतलेल्यांपैकी ज्यांना दिवस राहिले, त्यातल्या ६७ टक्के जणींना जिवंत बाळ झालं. तीनातल्या दोघींना, काहीही न करता. म्हणून कारण सापडलं नाही म्हणजे सुया वाढवायच्या असं नाही, आणि सून बदलायची असं तर मुळीच नाही.

मुलाबद्दल मघाशी म्हटलं, ते पुन्हा सांगते. मूल न होणाऱ्या जोडप्यांत जवळपास निम्म्या ठिकाणी पुरुषाकडं काही ना काही कारण असतं. गालगुंडात अंडाला सूज येऊन गेलेली, क्षय किंवा दुसऱ्या संसर्गानं वीर्याची नळी बंद झालेली. वीर्याची तपासणी सगळ्यांत सोपी आणि स्वस्त. तिला ना भूल लागते, ना टाका. असं असताना तिच्या नळ्यांचा फोटो, दुर्बीण, पिशवी साफ करणं, हे सगळं आधी होतं आणि मुलाचा रिपोर्ट शेवटी, तोही भांडून. बाबा, हे काम तुमचं आहे. ‘माझा पोरगा धडधाकट आहे’ म्हणू नका. धडधाकट माणसाचं बीजही कमी असू शकतं, त्याचा मर्दानगीशी संबंध नाही. तुम्ही स्वतः त्याला घेऊन जा.

जायचं कुठं? आधी गावच्या आशाताईला सांगा, ती जळकोटच्या सरकारी दवाखान्याचा रस्ता दाखवेल. पुढं उदगीर. गुंतागुंत असेल तर लातूरची विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्था किंवा नांदेडला विष्णुपुरीचं डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय. एकच फाईल करा आणि सगळे कागद तारखेनं लावा. कोणत्या महिन्यात पोट पडलं, ठोके दिसले होते का, सोनोग्राफीत काय लिहिलं होतं, हे कागदावर असेल तर डॉक्टरांचा अर्धा शोध तिथंच लागतो. पुन्हा पोट पडलंच तर पडलेला तुकडा फेकून देण्याआधी डॉक्टरांना विचारा, तपासायला पाठवायचा का.

सासूबाई, शेवटी तुमच्याशी दोन शब्द. डोहाळजेवणाला, ओटी भरायला, बारशाला पोट पडलेल्या सुनेला मागं ठेवतात. कोणी स्पष्ट म्हणत नाही, पण कुंकवाचा करंडा तिच्या हातात दिला जात नाही. तुमच्या घरच्या कार्यात तिला पुढं बोलवा. तुम्ही बोलवलंत तर भावकीतली कोणी तोंड उघडणार नाही. आणि पुन्हा तिची पाळी चुकेल तेव्हा वाट बघू नका. त्याच आठवड्यात दवाखान्यात न्या, सहाव्या-सातव्या आठवड्यात ठोके पाहून घ्या, पुढचे तीन महिने डॉक्टर म्हणतील तेव्हा फेऱ्या मारा. अशा बायकांना नुसतं वरचेवर तपासून, धीर देऊन पाठवलं तरी त्यांची भीती उतरते, असं जगभरचे डॉक्टर सांगतात. त्या फेऱ्यांना तिच्यासोबत मुलगा असू द्या, आणि त्याला रानातून सवड नसेल त्या दिवशी एसटीत तिच्या शेजारी तुम्ही बसा.